मालमोटारीच्या चाकांचें कुलूप

पावसाळ्याच्या दिवसांत पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींकडे गेल्यास एखादें तरी असें दृश्य दृष्टीस पडतें. खडीनें भरलेली मालमोटार खाणीच्या वाटेवर अडकून बसलेली असते. तिचें मागचें डावें चाक चिखलांत गरगर फिरत असतें आणि उजवें चाक कोरड्या कातळावर असूनहि जागचें हलत नाहीं. पाहणारास नवल वाटतें. ज्या चाकाखालीं भक्कम जमीन आहे तेंच स्वस्थ कां बसावें, आणि इंजिनाची सारी शक्ति चिखलांतल्या चाकानें कां उधळावी?

याचें उत्तर मागच्या आंसाच्या मध्यभागीं असलेल्या लोखंडी पेटींत आहे. बैलगाडीला अशी पेटी कधींच लागली नाहीं. तिचीं दोन्ही चाकें आंसाभोवतीं आपापल्या परीनें मोकळीं फिरतात आणि ओढण्याचें काम पुढून बैल करतात. मोटारींत मात्र चाकांनाच फिरवून गाडी पुढें ढकलावी लागते. मग दोन्ही चाकें एकाच दांड्यावर पक्कीं कां बसवूं नयेत? याला कारण रस्त्याचीं वळणें. वळणावर बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां लांबचा पल्ला गांठावा लागतो. दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतर ६ फूट धरलें, तर घाटांतील एका अर्धवर्तुळाकार वळणावर हा फरक सुमारें १९ फूट भरतो. मोठ्या ट्रकच्या चाकाचा घेर सुमारें ११ फूट असतो. म्हणजे त्या एका वळणांत बाहेरच्या चाकाला जवळजवळ पावणेदोन फेरे अधिक घ्यावे लागतात. एकाच दांड्यावर जखडलेल्या चाकांना हें साधत नाहीं. त्यांना रस्त्यावर घासटत जावें लागतें.

ही अडचण दूर करणारी दंतचक्रांची रचना फ्रेंच यंत्रज्ञ ओनेसिफोर पेकर यानें १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं योजिली. तिलाच आज डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाकडून येणारा दांडा एका मोठ्या दंतचक्राला फिरवितो. त्या चक्राबरोबर फिरणाऱ्या पेटींत लहान दंतचक्रें असतात, आणि तीं डाव्या-उजव्या चाकांच्या शाफ्टांना जोर वांटून देतात. ही वांटणी तागडीच्या दांडीसारखी आहे. चाकांचा वेग कमीअधिक झाला तरी दोन्हीकडचा जोर जवळजवळ सारखाच राहतो. वळणावर हाच गुण उपयोगीं पडतो आणि चिखलांत तोच दोष ठरतो. एक पारडें रिकामें असेल, तर दुसऱ्या पारड्यांत वजन तोलून धरतां येत नाहीं.

एका हिशेबानें हें स्पष्ट होईल. मागच्या आंसावर १० टन भार आहे, म्हणजे प्रत्येक बाजूस ५ टन, असें समजावें. कातळावरचें चाक न घसरतां ३ टनांचा रेटा देऊं शकेल; बुळबुळीत चिखलांतलें चाक अर्ध्या टनालाच घसरेल. डिफरन्शियल दोघांस सारखेंच देणारें असल्यामुळें कातळावरच्या चाकाच्या वांट्यालाहि अर्धाच टन येतो. गाडीला एकंदर रेटा मिळतो अवघा १ टन. भरलेली मालमोटार तेवढ्यानें निघत नाहीं.

डिफरन्शियलला लावावयाचें कुलूप येथें कामास येतें. चालकानें समोरचें बटण दाबलें कीं हवेच्या दाबानें एक दांतेरी कडें सरकतें आणि शाफ्ट त्या फिरत्या पेटीशींच जखडला जातो. दोन्ही बाजूंचीं चाकें एकाच वेगानें फिरूं लागतात आणि रेटा साडेतीन टनांपर्यंत जातो. ज्या दहाचाकी टिपरांचे मागचे दोन्ही आंस इंजिनानें फिरतात, त्यांत त्या दोन आंसांच्या दरम्यानहि एक डिफरन्शियल असतें आणि त्याला स्वतंत्र कुलूप असतें. प्रथम तें लावावें. तेवढ्यानें न भागल्यास चाकांचें.

परंतु या साडेतीन टनांपैकीं ३ टन एकाच शाफ्टवर येतात. म्हणून कुलूप कधीं लावावें याला महत्त्व आहे. चाक गरगर फिरत असतांना बटण दाबल्यास कड्याचे दांते आदळून झिजतात, आणि एखादे वेळीं शाफ्टच तुटतो. मग चालकाचा दिवस बुडतो आणि भरलेली गाडी वाटेंतच उभी राहते. यासाठीं चिखल समोर दिसतांच, गाडी थांबवून किंवा अगदीं सावकाश चालवीत, आधींच कुलूप लावावें. नंतर खालच्या गिअरमध्यें, बेतानें इंधन देत, शक्य तितकें सरळ जावें.

त्याहून मोठी चूक म्हणजे पक्क्या रस्त्यावर आल्यावर कुलूप काढावयास विसरणें. मागचीं चाकें एकाच वेगानें फिरत असल्यामुळें गाडी सरळच जाऊं पाहते. सुकाणूं फिरविलें तरी ती पुरेशी वळत नाहीं. घाटांतल्या वळणावर याचा अर्थ काय होतो हें सांगावयास नको. ओल्या उतारावर तर दोन्ही बाजूंचीं चाकें एकदमच घसरून गाडीचा मागचा भाग आडवा होऊं शकतो. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारासारख्या ठिकाणीं कुलूप लावलेली गाडी आणणें म्हणजे स्वतःचा व इतरांचाहि जीव धोक्यांत घालणें होय.

बटण बंद केलें म्हणजे कुलूप सुटलेंच असेंहि नाहीं. शाफ्टांत पीळ राहिल्यास दांते अडकून बसतात. समोरचा सूचक दिवा विझला नसेल, तर सपाट जागीं गाडी किंचित् मागेंपुढें घ्यावी. पीळ उतरतो आणि कडें मोकळें होतें. दिवा विझल्याची खात्री केल्यावांचून वेग वाढवूं नये.

पुण्यांतील नव्या इमारतींची खडी आणि वाळू याच गाड्या वाहून आणतात. नव्या चालकाच्या हातीं गाडी देतांना मालकानें हें कुलूप कधीं लावावें आणि कधीं काढावें एवढें त्यास उभ्या गाडींत बसवून दाखविलें, तर शाफ्टचा खर्च वांचतो आणि घाटांतील एक संकटहि टळतें. हें कुलूप चिखलाच्या थोड्याशा वाटेपुरतेंच आहे.