अनुदानाची अवजार बँक आणि गांवचा ट्रॅक्टरवाला

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला, म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यांत पेरणीस मोजकेच दिवस मिळतात. सोयाबीनचें क्षेत्र वाढल्यापासून प्रत्येकास त्याच दिवसांत यंत्र हवें असतें. बैलजोड्या कमी झाल्या, आणि पुष्कळ लहान शेतकरी भाड्याच्या ट्रॅक्टरवरच अवलंबून आहेत. तेव्हां हें भाडें कसें ठरतें, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

हा ट्रॅक्टर बहुधा गांवांतल्याच एखाद्या होतकरू शेतकऱ्यानें कर्ज काढून घेतलेला असतो. त्याच्या शेजारीं आतां शेतकरी गटांच्या व संस्थांच्या अवजार बँका उभ्या राहिल्या आहेत. २०१४-१५ सालीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या कृषि यांत्रिकीकरण उपअभियानांत खाजगी भाडे-केंद्रास खर्चाच्या ४० टक्के, तर निवडक गांवांतील गटांच्या अवजार बँकेस ८० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यांत आली. २०१८ सालीं जागतिक बँकेच्या साह्यानें सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांतही या जिल्ह्याचा समावेश झाला, व त्यांतूनही गटांस अवजारांकरितां साह्य मिळालें. हेतु उत्तम, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

परंतु हिशेब पाहावा. समजा, यंत्राची किंमत १० लाख रुपये, आयुष्य १० वर्षें आणि वर्षाचें काम ५०० तास. सारी किंमत पदरची घालणाऱ्यास घसारा तासास २०० रुपये पडतो. शिवाय कर्जाचें व्याज निराळेंच. ८० टक्के अनुदान मिळालेल्या गटानें स्वतःच्या २ लाखांचाच घसारा धरला, तर तो ४० रुपये पडतो. इंधन व चालकाचा पगार दोघांसही सारखाच. म्हणजे संस्थेचें भाडें कमी दिसतें, तें कारभाराच्या कौशल्यामुळें नव्हे.

स्वस्त भाड्यानें शेतकऱ्याचा फायदाच होतो, मग तक्रार कसली, असें कोणी विचारील. फायदा खरा, पण तो किती दिवसांचा? संस्थेजवळ ट्रॅक्टर एक-दोन, आणि वाफसा साऱ्या शिवारास एकदमच येतो. काम गेल्यामुळें हप्ते थकून गांवच्या मालकानें ट्रॅक्टर विकला, म्हणजे ऐन पेरणींत रांगेंतील शेवटच्या शेतकऱ्याचें रान पडून राहील. पुढें घसाऱ्याचा निधि न ठेवणाऱ्या संस्थेचें यंत्र मोडलें, कीं नव्या अनुदानाची वाट पाहावी लागेल. तोंपर्यंत गांवांत दोन्हीं नाहींत.

सार्वजनिक कामाची गोष्ट निराळी. पाणी फाउंडेशनच्या २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेंत भारतीय जैन संघटनेनें गांवांना माती उकरणारीं यंत्रें विनाभाडें दिलीं. नाला व बांध हें साऱ्या गांवाचें काम. त्यास धर्मादाय साह्य शोभतें. एकट्याच्या रानाची नांगरट हा व्यवहार आहे, व व्यवहारांत खरी किंमत धरलीच पाहिजे.

म्हणून आमच्या सूचना अशा: संस्थांनीं यंत्राच्या पूर्ण किंमतीवर घसारा धरून भाडें ठरवावें व ती रक्कम नव्या यंत्रासाठीं राखून ठेवावी. गांवांत जें भाड्यानें मिळत नाहीं, उदाहरणार्थ रुंद सरी-वरंबा पेरणी यंत्र, तें आधीं घ्यावें, आणि त्यास गांवच्याच मालकांचे ट्रॅक्टर जोडावे. गरीब अल्पभूधारकांस सवलत त्यांच्या नांवें उघड द्यावी. सरसकट दर पाडूं नयेत. सभासदांनीं पुढील वार्षिक सभेंत आपल्या संस्थेचा ताळेबंद मागून त्यांत घसाऱ्याची रक्कम किती धरली आहे, तें अवश्य पाहावें.