गाठी मोजणारा माणूस

पावसाळ्यात घाटातल्या ओल्या कपारीत काळ्या, केसाएवढ्या बारीक पायांचा पुंजका दिसतो. हात जवळ नेला की अख्खा पुंजका खालीवर झुलायला लागतो. हे हार्वेस्टमन. कोळ्यांचे नातलग, पण कोळी नव्हेत: कंबर नाही, जाळं नाही, विष नाही, डोळे दोनच. एकाला धरलं तर पाय माझ्या चिमटीत टाकून तो पसार झाला. बोटांना मात्र उग्र, औषधी वास राहिला. साबणानेही तो लवकर गेला नाही.

सगळे इतके सारखे, मग यांच्या जाती ओळखतात कशा? ते बघायला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो. पीएच.डी. करणारी मुलगी मायक्रोस्कोपवर वाकली होती. मान वर न करता म्हणाली, "सर, रोएवरने एकट्याने दोन हजारांवर जातींना नावं दिली. त्यातल्या टिकतील किती, ते आम्ही बघतोय."

कार्ल फ्रीडरिष रोएवर, ब्रेमेनचा. जगभरच्या हार्वेस्टमनवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ 1923 साली आला. भारतातल्याही कितीतरी जाती त्याच्याच नावावर आहेत. पाठीवर काटा आहे का, पायाच्या टोकाला पेरं किती, मांडीवर बारीक गाठी किती, यावर त्याची विभागणी चाले. गाठींचा आकडा बदलला, की नवा जीनस! एकाच प्राण्याच्या डाव्या-उजव्या पायांची पेरंसुद्धा कधीकधी जुळत नाहीत, हे कळल्यावर त्या दोन हजारांवरच्या आकड्याचा माझ्यावरचा दबदबा ओसरला.

ही मुलगी गाठी मोजत बसत नाही. ती नराच्या पोटाखालची झडप उचलते, आतला अवयव सुईने सोडवते, रसायनात स्वच्छ करून ग्लिसरीनमध्ये ठेवते. मग मला बघायला देते. कोळ्याचा नर तोंडाजवळच्या उपांगांनी वीर्य मादीपर्यंत पोचवतो. यांच्या नराला मात्र खरं शिश्न असतं आणि जोडी समोरासमोर येऊन जुळते. (सायफोफ्थॅल्मी हा मातीत राहणारा बुटका गट तेवढा वेगळा, तिथे नर वीर्याची पुडीच देतो.) काचेखाली पिवळसर, पारदर्शक दांडा दिसला. आत स्नायू, त्यातून निघालेली बारीक कंडरा, टोकाला वाकलेलं बोंड आणि बोंडावर अणकुचीदार नळी. कडेला मोजके राठ केस. केस किती, कुठे, बोंड कसं वळलंय यावर ती जात ठरवते. गाठी बदलतात, हे सहसा बदलत नाही. पाय तुटलेला नमुनाही त्यामुळे वाया जात नाही.

"आणि मादी?"

तिने टेबलाखालचा ट्रे ओढला. ओळीने बाटल्या, चिठ्ठ्यांवर फक्त गाव आणि तारीख. मादीच्या पोटातही लांब, वळ्यावळ्यांची अंडनलिका असते. ती बाहेर काढून मादी मातीच्या फटी चाचपते, जागा पसंत पडली की अंडं घालते. पण जवळच्या जातींमध्ये या नलिकेवरून फारसा फरक कळत नाही. सोबत नर सापडला नाही, तर मादी बिननावाची. नराच्या एका अवयवावर उभी राहिलेली ही पद्धत रोएवरच्या मोजणीपेक्षा भरवशाची आहे, हे मला पटलं. पुरेशी आहे, हे नाही.

रोएवरचा संग्रह फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग संग्रहालयात आहे. एखाद्या नावाचा मूळ नमुनाच मादी निघाली तर काय, असं विचारल्यावर ती हसली. "मग त्याच गावात जाऊन नर शोधायचा. पावसात."