होल्ब्रुकचा मेकॅनिक

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात होल्ब्रुक नावाचं गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आत. शेती आणि गुरंमेंढरं हा मुख्य व्यवसाय. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, तरी गावच्या बागेत एक पाणबुडी गवतात विसावलेली दिसते. गावाचं जुनं नाव जर्मनटन. पहिल्या महायुद्धात ते नाव नकोसं झालं आणि 1915 मध्ये गावाने ब्रिटिश पाणबुडीचा शूर कप्तान नॉर्मन होल्ब्रुक याचं नाव घेतलं. शौर्याची कदर करायची आणि ती पिढ्यान्‌पिढ्या जपायची, ही या गावाची जुनी रीत.

सॅम्युएल मॅकपॉल याच गावचा. व्यवसायाने मेकॅनिक. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, बायकोला दिवस गेले होते आणि मे महिन्यात बाळ येणार होतं. गॅरेजचं काम संपलं की त्याची दुसरी जबाबदारी असे: जवळच्या मॉर्व्हेन वस्तीच्या अग्निशमन तुकडीत तो स्वयंसेवक होता. 30 डिसेंबर 2019 रोजी मरे नदीच्या काठी जिंजेलिकजवळ वणवा विझवताना तो गेला. तेव्हा तो 28 वर्षांचा होता.

आपल्याकडे आग लागली की पालिकेचा बंब येतो आणि बंबावरचा जवान पगारी असतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात हे गणित वेगळं आहे. अंतरं अफाट, वस्ती विरळ. प्रत्येक गावात पगारी दल ठेवणं शक्यच नाही. म्हणून आग विझवायला शेजारीच जातात. न्यू साउथ वेल्समध्ये अशी पहिली तुकडी 1896 मध्ये बेरिगन गावात उभी राहिली असं मानतात. आज या राज्याच्या ग्रामीण अग्निशमन सेवेत सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक आणि सुमारे दोन हजार तुकड्या आहेत. शेतकरी, शिक्षिका, दुकानदार, सुतार असे सगळे त्यात असतात. फोन वाजला की हातातलं काम टाकायचं, पिवळा गणवेश चढवायचा आणि टँकर गाठायचा.

अशा तुकडीत मेकॅनिकचं मोल काय, हे खेड्यात राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. टँकर म्हणजे शेवटी डिझेलवर चालणारा ट्रक, त्यावर तीन हजार लिटरहून अधिक पाणी आणि एक पंप. रानात, रस्ता नसलेल्या चढावर, धुराने कोंडलेल्या हवेत इंजिन बंद पडलं तर ट्रकमधली माणसं जिवंत परततील याची खात्री उरत नाही. ज्याला इंजिनाच्या आवाजातला फरक कानाने कळतो, असा माणूस सोबत असला की बाकीच्यांना धीर येतो. शिवाय गावचा मेकॅनिक सगळ्यांचा ओळखीचा. कुणाचा ट्रॅक्टर कुठे अडला, कुणाच्या शेतात कुठून शिरता येतं, ही माहिती त्याच्याकडे आपोआप साठत जाते. वणव्याच्या दिवशी नकाशापेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

तो उन्हाळा साधा नव्हता. ऑस्ट्रेलियात त्याला आता ‘काळा उन्हाळा’ म्हणतात. काही वर्षांचा दुष्काळ, वाळून कोळ झालेली रानं आणि विक्रमी उष्णता यांनी देशभर वणवे पेटले. पुढे राष्ट्रीय चौकशी आयोगाने नोंदवलं की 24 दशलक्ष हेक्टरहून अधिक जमीन जळली, तीन हजारांहून अधिक घरं गेली आणि आगीत 33 माणसं दगावली. त्यातले नऊ जण आग विझवणारे होते. सिडनी आणि मेलबर्नमधल्या मराठी कुटुंबांनीही तेव्हा दारंखिडक्या लावून धुराचे दिवस काढले.

मॅकपॉलचा जीव ज्वाळांच्या आधी वाऱ्याने घेतला. प्रचंड वणव्यावरची तापलेली हवा वेगाने वर झेपावते आणि तिची जागा भरायला चहूबाजूंनी हवा आत खेचली जाते. वर धुराचा ढग गडगडाटी पावसाळी ढगाएवढा उंच होतो. हीच हवा गरगर फिरू लागली की आगीचं चक्रीवादळ तयार होतं. असं वादळ खरोखर होतं याचा भक्कम पुरावा 2003 मध्ये कॅनबेराच्या वणव्यात मिळाला. जिंजेलिकजवळ त्या संध्याकाळी तेच घडलं. अग्निशमन सेवेचे तेव्हाचे आयुक्त शेन फिट्झसिमन्स यांनी सांगितलं की दहा-बारा टनांचा ट्रक वाऱ्याने उलटवला. ट्रकमधले इतर जण होरपळले, पण वाचले. या ट्रकवर उष्णता अडवणारे पडदे असतात, गाडीभोवती पाण्याचा फवारा उडवायची सोय असते. आग अंगावरून जाणार असेल तर काय करायचं, याचा सराव प्रत्येक स्वयंसेवक करतो. ट्रकच उलटा होईल याची तयारी मात्र कुणी आणि कशी करायची?

आणि हे सगळं बिनपगारी. 2019 चा वणवा आठवड्याभरात आटोपण्यातला नव्हता. माणसं दोन-दोन महिने मैदानात होती. गॅरेज बंद, शेतावर दुसरं कुणी नाही, रोजच्या कमाईला खाडा. त्या काळात सरकारवर टीका झाली आणि 29 डिसेंबरला पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी भरपाई जाहीर केली: दहा दिवसांहून अधिक सेवा केलेल्या, स्वतःचा धंदा असलेल्या किंवा लहान-मध्यम धंद्यात नोकरी करणाऱ्या स्वयंसेवकांना दिवसाला तीनशे डॉलरपर्यंत, जास्तीत जास्त सहा हजार. ही घोषणा झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅकपॉल गेला. ‘फुकट’ हा शब्द या सेवेला लावणं मला अन्यायाचं वाटतं. पैसे कुणी तरी मोजतच असतं: मालक, भागीदार आणि सर्वांत जास्त घरचे.

मॅकपॉलच्या मृत्यूच्या अकराच दिवस आधी, 19 डिसेंबरला, हॉर्सली पार्क तुकडीचे जेफ्री कीटन आणि अँड्र्यू ओड्वायर झाड पडून ट्रक उलटल्याने मरण पावले. दोघांचीही मुलं अगदी लहान, दीड-दोन वर्षांची. कीटनच्या मुलाच्या छातीवर आयुक्तांनी पदक लावतानाचं छायाचित्र जगभर पोचलं. पदक लावताना बाळाच्या तोंडात चुपणी होती.

होल्ब्रुकमध्ये जानेवारी 2020 मध्ये मॅकपॉलचा अंत्यविधी झाला, तेव्हा पिवळ्या गणवेशातले स्वयंसेवक शेकड्यांनी जमले. आसपासचे वणवे तेव्हाही विझलेले नव्हते. महाराष्ट्रात फाल्गुन-चैत्रात माळरान पेटतं, तेव्हा गावकरी ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात. ऑस्ट्रेलियातलं काम त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावरचं, पण धावून जाण्यामागची भावना तीच आहे.

2 मार्च 2020 रोजी न्यू साउथ वेल्समध्ये एकही वणवा पेटता राहिला नव्हता. जुलै 2019 नंतर असं पहिल्यांदाच घडलं होतं. तोपर्यंत 240 हून अधिक दिवस उलटले होते.