संत्र्याच्या कलमाचा खुंट पारखून घ्यावा

संत्र्याचे कलम विकत घेताना बागाईतदार पाने पाहतो, उंची पाहतो, डोळा नागपुरी संत्र्याचाच आहे ना याची खात्री करून घेतो. जमिनीलगतच्या वीतभर खोडाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. हे खोड, म्हणजेच खुंट, निराळ्या झाडाचे असते व जमिनीतील मुळ्याही त्याच्याच. झाड केवढे वाढेल, किती फळ देईल आणि किती वर्षे टिकेल, हे पुष्कळ अंशी त्यावर ठरते. चूक उमगते ती झाड फळावर आल्यावर. तोवर चार-पाच वर्षांचा खर्च होऊन गेलेला असतो.

विदर्भात जंभेरीचा खुंट पूर्वापार चालत आला आहे. त्यावरील झाड जोमाने वाढते, विस्तीर्ण होते व भरपूर फळ देते. फळ मोठे, पण साल काहीशी जाड आणि रसाला गोडी कमी. त्याहून मोठा दोष असा की, पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत फायटोप्थोरा बुरशीने त्याच्या मुळ्या कुजतात व खोडावर डिंक्या दिसू लागतो. रंगपूर लिंबाचा खुंट अशा जमिनीत अधिक तग धरतो. चुनखडी व पाण्याची ओढही तो बरी सोसतो. तथापि तोही निर्दोष नव्हे. एक्झोकॉर्टिस रोगाला तो लवकर बळी पडतो, म्हणून डोळे निरोगी मातृवृक्षाचेच असावेत.

त्रिपर्णी संत्र्याच्या खुंटावर झाड लहान राहते. दर झाडामागे फळ कमी येते, पण लागवड दाट करता येते. सहा मीटर अंतरावर हेक्टरी २७७ झाडे बसतात, चार मीटरवर ६२५. हा हिशेब मोहक खरा. परंतु चुनखडीच्या जमिनीत या खुंटावरील पाने लोहाअभावी पिवळी पडतात, आणि विदर्भात तशा जमिनी थोड्या नाहीत.

सारी भिस्त एकाच खुंटावर ठेवल्याने काय होते, हे ब्राझीलने पाहिले. तेथे १९३७ नंतर ट्रिस्टेझा रोगाने आंबट संत्र्याच्या खुंटावरील लक्षावधी झाडे मेली.

ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस रोपवाटिकेत खुंटाची जात विचारावयास लावावे. डोळा जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटर उंचीवर भरलेला असावा. लावताना तो सांधा मातीत गाडू नये, व पुढेही त्याला भर देऊ नये. सांध्याखालचे फुटवे खुंटाचे असतात. ते कोवळे असतानाच काढावेत.