टोप घालायचा, पण किती वेळ?

मैत्रिणींनो, आमच्या केनवडला गुंतवळ विकत घेणारी बाई दारावर येते. विंचरताना निघालेले केस आपण गुंडाळून कोनाड्यात खोचून ठेवतो ना, ते ती वजनावर घेते आणि भांडं देते. असेच केस पुढे गंगावन आणि विग बनवायला जातात. २०२५ च्या जानेवारीत आमच्या बचत गटातल्या एका बाईची पिशवी हातात घेऊन ती म्हणाली, "बाई, एवढे एका घरचे?"

घरचे कुठले, ते एकट्या लेकीचे होते. पोर बावीस वर्षांची, वैशाखात लग्न ठरलेलं.

त्यात नेमके तेच दिवस. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांना तीन-चार दिवसांत टक्कल पडत होतं. कोणी पाण्याला दोष देई, कोणी शाम्पूला. तपासणीला पथकं आली. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण तोवर आमच्याकडे बायका त्या पोरीच्या घरचं पाणी प्यायला कचरू लागल्या होत्या. तिची आई रडकुंडीला आली. "ताई, सोयऱ्यायले समजलं तं सोयरीक मोडन."

तेव्हा विगचा सल्ला मीच दिला. कुठंतरी वाचलं होतं, विग घातला की आपल्या केसांना आराम मिळतो. अकोल्याहून विग आणला. कृत्रिम केसांचा, कारण खऱ्या केसांचा परवडण्यासारखा नव्हता. पोर रिसोडला एका दुकानात कामाला जायची. सकाळी नऊला विग चढवायची, तो रात्रीच उतरायचा.

पहिले पंधरा दिवस मी माझीच पाठ थोपटून घेतली. पोर मान वर करून चालू लागली, हे काही थोडं नव्हतं. आणि वाचलेलं अगदीच खोटंही नव्हतं. रोज इस्त्री करून केस सरळ करणं, रंग लावणं, उन्हातान्हात, धुळीत हिंडणं हे सगळं विगखाली टळतं. पण ते केव्हा? आतले केस कोरडे, सैल वेणीत असतील, खाली सुती टोपी असेल आणि घरी आल्याबरोबर विग निघत असेल तेव्हा. आमची पोर केस ओलेच बांधायची आणि विग सरकू नये म्हणून कानशिलावर चिमटे घट्ट रोवायची. आमच्याकडचा मार्च तुम्हाला माहीतच आहे. डोक्यात घामोळं उठलं, मग फोड. जिथे चिमटे बसत, तिथले होते नव्हते तेवढेही केस गेले.

वाशीमच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "दिवाळीत आजारी होतीस का?" होती की! टायफॉईड झाला होता. मोठा ताप किंवा बाळंतपण झालं, की दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्यानं गळतात आणि बहुतेकींचे काही महिन्यांत आपोआप परत येतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं! रक्तात लोहही कमी निघालं. विगनं ना लोह वाढणार होतं, ना मुळापासूनची गळती थांबणार होती. उलट कानशिलावरचं नुकसान ओढीमुळं झालं होतं. अशी ओढ वर्षानुवर्षं राहिली तर तिथले केस कायमचे जातात, असं त्या म्हणाल्या. मी खाली मान घालून बसले.

आमच्या आज्या लग्नकार्यात गंगावन लावायच्या, पण कार्य उरकलं की ते खुंटीवर. एरवी डोक्यावर सैल पदर. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, तरी मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं.

पण सगळ्यांना एकच माप लावू नका. आमच्या गटातल्या एकीला कॅन्सरच्या औषधांनी केस गेल्यावर विगनं फार धीर दिला. तिचे केस उपचार संपल्यावर काही महिन्यांत उगवले. तिला मी विग काढ म्हणणार नाही. फक्त चिकटवायला गोंद नको, झोपताना नको, दुसरीचा न धुता नको. आणि कृत्रिम केसांचा विग घालून गॅसपाशी किंवा निरांजनापाशी वाकू नका, ते केस चटकन वितळतात, पेटतातही.

पोरीनं शेवटी होणाऱ्या सासूला स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. आईनं कपाळावर हात मारला. पलीकडून उत्तर आलं, "मंग मुंडावळ्या जरा रुंद आणू."

लग्नात अक्षता पडेपर्यंत विग होता. जेवणाच्या पंगतीला तिनं तो काढला आणि पदर घेतला. वाऱ्यानं पदर सरकला, तेव्हा कानशिलावर बोटाच्या पेराएवढे नवे केस दिसले. विग आता माझ्या कपाटात आहे. शाळेच्या गॅदरिंगला जिजाऊंच्या भूमिकेसाठी बाई मागायला आल्या, तेव्हा धुऊन, सावलीत वाळवून दिला.