सहाशे रुपयांची शाई

भाकऱ्या थापून झाल्या असतील, दूध तापलं असेल, तर रेडिओ जरा मोठा करा. नसतील झाल्या तरी हरकत नाही, हात चालू द्या. आजचा विषय कामं करता करता ऐकण्यासारखा आहे.

मागच्या महिन्यात आपल्या हिशोबाच्या कार्यक्रमाला एका ताईंचा फोन आला. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. त्या अंगणवाडीत काम करतात. दिवसभर पोरांची वजनं, रजिस्टरं, मोबाईलवर माहिती भरणं. रात्री जेवणं उरकली की त्या एक वही काढतात आणि पानभर लिहितात. काय लिहितात ते आम्ही विचारलं नाही. पेन आहे वडिलांचं, जुनं, शाईचं. तर या ताई कामासाठी पुण्याला गेल्या होत्या, तिथल्या एका दुकानात त्यांना मोरपंखी रंगाची शाई दिसली. बाटली ३० मिलिलिटरची, किंमत ६०० रुपये. दुकानाबाहेर दोनदा जाऊन आल्या आणि शेवटी घेतली.

घरी पिशवी रिकामी करताना बिल खाली पडलं. सासूबाई म्हणाल्या, “शाईला सहाशे? प्यायची आहे का ती?” मालक हसले. पुढचे चार दिवस घरी येईल त्याला ही गोष्ट सांगितली गेली. ताईंनी बाटली हरभरा डाळीच्या डब्यामागे ठेवून दिली. आम्हाला फोनवर म्हणाल्या, “पैसे माझ्या मानधनातले होते. पण चुकलं का हो माझं?”

“छे, काही चुकलं नाही,” असं म्हणून फोन ठेवता आला असता. पण आपला कार्यक्रम हिशोबाचा. कुणाच्या बाजूने बोलायचं तर आधी मोजायला हवं. म्हणून आम्ही चौघींनी तीन आठवडे मोजमाप केलं, ते आज सांगतो.

आमच्यातल्या दोघींकडे शाईची पेनं होती. तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानातून साधी निळी शाई आणली. ६० मिलिलिटरची बाटली ४० रुपयांना पडली. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली सिरिंज आणली, म्हणजे मोजून भरता येतं. पेनात बरोबर २ मिलिलिटर शाई भरली आणि लिहायला बसलो. बचत गटाच्या सभेचं इतिवृत्त, ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज, रेडिओच्या भाषणांचे कच्चे खर्डे, एकीने तर माहेरी चार पानी पत्र लिहिलं. आठ वर्षांनी, असं ती म्हणाली. एका पानावर दोनशेच्या आसपास शब्द बसत होते. एकविसाव्या पानाच्या मध्यावर पेन कोरडं पडलं. म्हणजे एक मिलिलिटर शाईत दहा पानं. आमची निब बारीक होती हेही सांगायला हवं. जाड निबेला शाई जास्त लागते, मग पानं सहा-सातच निघतात.

आता बाटलीचा हिशोब. थोडी शाई तळाशी राहते, थोडी पेन धुताना जाते, उन्हाळ्यात पेन आठवडाभर पडून राहिलं तर आतली शाई सुकते. म्हणून दहावा हिस्सा वाया गेला असं धरलं. ४० रुपयांच्या साध्या शाईत ५४० पानं होतात, पानाला साडेसात पैसे. दहा रुपयांच्या बॉलपेनाने आमची ऐंशी-नव्वद पानं झाली, म्हणजे पानाला अकरा-बारा पैसे. दहा रुपयांचं जेलपेन पस्तीस पानांतच संपलं, पानाला जवळपास तीस पैसे. शाळेतली पोरं आठवड्याला एक जेलपेन का मागतात ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

म्हणजे साधी शाई सगळ्यांत स्वस्त. यात पेनाची किंमत धरलेली नाही, हे खरं. पण पेन एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं. ताईंचं तर वडिलांच्या काळापासून चालू आहे.

आणि मोरपंखी? ३० मिलिलिटर, वाया गेलेली सोडून २७० पानं. सहाशे भागिले दोनशे सत्तर, पानाला सव्वादोन रुपयांच्या जरा आत. साध्या शाईच्या जवळपास तीसपट. सासूबाईंचा प्रश्न अगदीच वेडा नव्हता, हे मान्य करू या.

पण ताई रोज एकच पान लिहितात. म्हणजे ही बाटली त्यांना नऊ महिने पुरणार. टपरीवरचा चहा आमच्याकडे दहा रुपयांना आहे. दिवसाला दोन चहा म्हणजे महिन्याला सहाशे. ताईंची नऊ महिन्यांची शाई आणि मालकांचा एका महिन्याचा बाहेरचा चहा, रक्कम तीच. माव्याचं तर आम्ही बोलतच नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तरी पुड्या कुणाच्या खिशात असतात ते घरोघरी माहीत आहे.

इथे आमच्यातलीच एक म्हणाली, असं पुरुषांच्या चहावर घसरणं बरोबर नाही. टपरीवर नुसता चहा नसतो. तिथे ट्रॅक्टर ठरतो, मजूर ठरतात, बाजारभाव कळतो. बरोबर आहे. मग आपलंच घेऊ. शुक्रवारचा गजरा वीस रुपयांचा, रात्री कोमेजतो, तरी आपण घेतो. पार्लरमध्ये एकदा जाऊन आलं की पाचशेची नोट जाते आणि तो तजेला किती दिवस टिकतो ते आरशाला विचारा. लग्नसराईत एकदाच नेसलेली साडी कपाटात असते. मोबाईलचा रिचार्ज दर महिन्याला होतो आणि त्यातला निम्मा वेळ दुसऱ्यांच्या लग्नाचे व्हिडिओ बघण्यात जातो. यातलं काही वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. एवढंच की सव्वादोन रुपये रोज, या भावात दुसरी कुठली हौस भागते ते आम्हाला शोधूनही सापडलं नाही. फार तर शेजारणीच्या झाडावरचं जास्वंद.

मग घरात एवढा गाजावाजा का झाला? आमच्या मते याचं कारण रक्कम एकरकमी दिसली. दहा-दहाच्या नोटा चहात जातात तेव्हा त्यांचं बिल पिशवीतून पडत नाही. सहाशे एकदम गेले की डोळ्यांवर येतात. आणि ते डोळ्यांवर येणं खोटंही नाही. आमच्या भागात खुरपणीला बाईचा रोज अडीचशे-तीनशे आहे. ज्या घरात त्या आठवड्यात किराणा उधारीवर आणला आहे, तिथे सहाशे म्हणजे दोन दिवसांचं उन्हातलं काम. तिथे नऊ महिन्यांनी भागून उपयोग नाही, कारण दुकानदार नऊ महिन्यांनी भागून पैसे घेत नाही. ताईंना आम्ही हेच आधी विचारलं, त्या महिन्यात काही अडलं का? त्या म्हणाल्या, “गटाचा हप्ता भरला, पोराची फी भरली, त्यानंतर राहिलेल्यातून घेतली.” मग राहिलं काय? पैसा त्यांचा, हप्ता भरलेला, आणि तरी बाटली डाळीच्या डब्यामागे.

आता शाईत असतं तरी काय एवढं, ते बघू. महाग असो की स्वस्त, शाई म्हणजे बहुतेक पाणीच. त्यात रंग, लवकर सुकू नये म्हणून ग्लिसरीनसारखं काहीतरी, बुरशी धरू नये म्हणून औषध, आणि निबेतून सरळ उतरावी म्हणून साबणाच्या जातीचा एखादा थेंब. महाग शाईत रंग अधिक निगुतीने जुळवलेला असतो. एकाच अक्षरात कुठे फिका, कुठे गडद दिसतो, सुकल्यावर कडेला वेगळीच झाक मारते. बाकी पैसे काचेच्या देखण्या बाटलीचे, लहान प्रमाणात केलेल्या मालाचे, आणि शाई परदेशी असेल तर आयातीचे. काही जपानी शाया ५० मिलिलिटरला हजार-दोन हजारांपर्यंत जातात. त्यांच्या रंगांची नावं रानद्राक्षं, बांबूचा कोळसा अशी असतात. नावं वाचूनच अर्धे पैसे वसूल. पण नीट ऐका, साध्या शाईने लिहिलेलं कमी टिकतं आणि महाग शाईने लिहिलेलं जास्त टिकतं, असं मुळीच नाही. तो वेगळा विषय आहे.

आपल्या पणज्यांच्या काळात काजळी, डिंक आणि पाणी घोटून शाई करायचे आणि बोरूने लिहायचे. काजळी उन्हाने उडत नाही, म्हणून जुन्या पोथ्यांची अक्षरं अजून काळीभोर आहेत. दुसरा प्रकार हिराकसाचा. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. तो तुरट फळांच्या काढ्यात मिसळला की काळी शाई होते. ती लिहिताना फिकट असते आणि हवा लागली की गडद होत जाते. लिहिताना दिसावी म्हणून तिच्यात निळा रंग घालायचे, त्यातून ब्लू-ब्लॅक आली. मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली, घोडा छाप. पुढे त्यातूनच कॅमलिन उभं राहिलं. बंगालमध्ये राजशाहीला १९३४ साली सुलेखा शाई निघाली, ती स्वदेशीच्या हाकेतून. म्हणजे परदेशी शाई की आपली, हा वाद आपल्या आजोबांनीच घालून ठेवलेला आहे.

आजची साधी निळी शाई धुण्याजोगी असते. शाळेच्या शर्टावरचा डाग निघतो तो त्यामुळेच. पण त्याच कारणाने पाणी सांडलं की अक्षर वाहून जातं आणि उन्हात ठेवलं तर फिकं पडतं. मोरपंखी, गुलाबी, जांभळ्या हौशी शायांचंही बहुतेक तसंच. म्हणून जमिनीचे कागद, गटाची खातेवही, बँकेचे अर्ज यांना या शाया नकोत. तिथे बॉलपेन बरं, त्याची शाई तेलाची असते, पाण्याने वाहत नाही. मुद्रांकावर मोरपंखी सही करायला जाल तर समोरचा साहेब परत पाठवेल आणि त्याचं काही चुकणार नाही.

आणखी एक, हे आमच्या अंगावर शेकलेलं. आमच्यातल्या एकीने पाण्याने जाऊ नये म्हणून चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई पेनात भरली. त्या शाईत लाखेसारखा पदार्थ असतो, तो सुकला की निबेखालच्या बारीक खाचेत दगडासारखा बसतो. कोमट पाण्यात दोन दिवस ठेवूनही ते पेन उघडलं नाही. बाटलीवर फाउंटन पेनसाठी असं लिहिलेलं असेल तरच भरा. पेनातली उरलेली शाई परत बाटलीत ओतू नका, त्याने सगळी बाटली नासते. जुन्या बाटलीला कुबट वास आला किंवा आत पांढरे धागे तरंगताना दिसले तर मोह न धरता फेकून द्या. रंग बदलताना पेन साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. आणि कागद बघा. हलक्या वहीवर महाग शाई फुटते, अक्षराला मिशा येतात, मग सहाशे काय आणि चाळीस काय.

“निळ्या शाईने जे लिहिता येत नाही ते मोरपंखीने लिहिता येतं का?” आमच्यातली सगळ्यांत व्यवहारी बाई शेवटपर्यंत हेच विचारत राहिली. नाही येत. शब्द तेच. फरक एवढाच, असं ताई म्हणाल्या, की दिवसभर सरकारी रजिस्टरात बॉलपेनाने लिहून हात आणि डोकं दोन्ही शिणतं. शाईच्या पेनाला दाब द्यावा लागत नाही, ते आपसूक चालतं. आणि तो रंग दिसला की हे पान आपलं आहे, वरच्या साहेबाला दाखवायचं नाही, हे लक्षात येतं. व्यवहारी बाई यावर गप्प बसली, पण पटलं असं काही म्हणाली नाही.

तिनेच मग एक मार्ग काढला. बाटली एकटीने का घ्यायची? सहाजणी मिळून घ्या. प्रत्येकीच्या वाट्याला ५ मिलिलिटर, शंभर रुपये, पन्नास पानं. औषधाच्या रिकाम्या लहान बाटल्या उकळून, पूर्ण वाळवून घ्यायच्या आणि सिरिंजने मोजून भरायचं. म्हणजे रंग आवडला नाही तर शंभरच गेले. खरं नुकसान तिथेच होतं, एक बाटली संपत नाही तोवर दुसरी, दुसरी फुटायच्या आत तिसरी. रोज पानभर लिहिणाऱ्या बाईकडे अशा दहा बाटल्या जमल्या तर त्या संपवायला साडेसात वर्षं लागतील. तेव्हा आमचा सल्ला असा, एक साधी निळी घरात ठेवा, एक हौसेची, आणि ती रिकामी झाल्याशिवाय दुकानाकडे बघू नका.

ताईंना हा सगळा हिशोब आम्ही कागदावर लिहून पाठवला, साध्या निळ्या शाईत. परवा त्यांचा परत फोन आला. मालकांनी कागद वाचला, चहाच्या ओळीपाशी थांबले आणि म्हणाले, “हे रेडिओवर सांगणार आहेत का?” सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी सुनेच्या वहीतलं एक पान वाचून दाखवायला सांगितलं. ताईंनी एक निवडून वाचलं, पाऊस लांबला त्या दिवसाचं. सासूबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, “त्या दिवशी गाय पण व्याली होती, ते नाही लिहिलंस.” ताईंनी ते कडेला लिहून टाकलं. बाटली आता डाळीच्या डब्यामागे नाही, खिडकीत आहे. आम्ही त्यांना सांगितलं, खिडकीत नको, ऊन लागतं, कपाटात ठेवा.