चाळिशीनंतरचा श्रीगणेशा

मराठीत 'चाळिशी' या शब्दाचे दोन अर्थ होतात, एक वयाचा व दुसरा चष्म्याचा. पुरुषास चाळिशी लागली म्हणजे तो वर्तमानपत्र वाचताना नाकावर चष्मा चढवू लागला, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या कर्तृत्वाचा काळ अजून पुढेच आहे असे सर्व जण धरून चालतात. स्त्रीच्या बाबतीत मात्र हाच शब्द जमाखर्चाची वही मिटल्यासारखा उच्चारला जातो. मुले हाताशी आली, घरात सून येऊ घातली. आता हिने जपमाळ, हळदीकुंकू आणि उन्हाळ्यातले पापड-लोणचे यांत समाधान मानावे, अशी घराची समजूत असते. अशा वयात पती निवर्तला, संसार मोडला, किंवा मुले दूरदेशी जाऊन घर ओस पडले, तर पुढे काय, या तिच्या प्रश्नास घरातून बहुधा एकच उत्तर मिळते : "तुला काय कमी आहे? हे घर तुझेच आहे." हे उत्तर मायेने दिलेले असते हे आम्ही जाणतो. परंतु तिने विचारले होते ते दिवसाच्या चोवीस तासांविषयी, आणि उत्तर मिळाले ते भिंतींविषयी.

या विषयावर उपदेश पुष्कळ झाला आहे. आम्ही आज त्यापेक्षा काही उदाहरणे वाचकभगिनींपुढे ठेवणार आहोत, व त्यांतही एकाच उदाहरणापाशी अधिक रेंगाळणार आहोत.

पार्वतीबाई आठवले यांचे नाव हिंगण्याच्या आश्रमामुळे पुष्कळांच्या कानावर असेल. त्यांचा जन्म १८७० सालचा, कोकणात देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न झाले व विसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी एक मुलगा. त्या काळच्या रूढीप्रमाणे केशवपनही झाले. त्यांची बहीण गोदूबाई हीही बालविधवा. १८९३ साली तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि त्यापायी कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, ही हकीगत सर्वश्रुत आहे. पार्वतीबाईंनी तो मार्ग स्वतःसाठी पत्करला नाही. पुण्यास बहिणीकडे येऊन त्यांनी मुळाक्षरे गिरवावयास आरंभ केला तेव्हा त्यांना सव्विसावे वर्ष लागले होते.

सव्विसावे वर्ष म्हणजे काही चाळिशी नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या काळी तिशीतली बाई सासू होत असे, त्या काळी सव्विसाव्या वर्षी पाटी हाती घेणे हे आजच्या पन्नाशीत महाविद्यालयाच्या बाकावर बसण्याइतकेच अवघड होते. शिवाय कर्व्यांनी १८९६ साली काढलेल्या अनाथ बालिकाश्रमाचे काम त्यांच्याकडे आले ते शिकत असतानाच. पुढे वर्गणी गोळा करण्याची जबाबदारी त्यांनी घेतली आणि गावोगाव हिंडून, सभांतून बोलून आश्रमासाठी पैसा आणला. लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेली एक सोवळी बाई परक्या गावच्या वकिलांच्या व व्यापाऱ्यांच्या ओसरीवर उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागते, हे दृश्य आज आपल्याला सहज वाटते. त्या वेळी ते सहज नव्हते.

१९१२ साली त्यांनी केशवपन सोडले. त्यांचे वय तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे या वेशात त्यांची वीस-बावीस वर्षे गेली होती. येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. ज्या रूढीने माणसाचा चेहरामोहरा बदलून टाकला, ती रूढी सोडण्याचा निर्णय तरुणपणीच्या बंडाच्या भरात झालेला नाही. कामात मुरलेल्या, लोकांचा विश्वास संपादन केलेल्या एका प्रौढ स्त्रीने तो विचारपूर्वक घेतलेला आहे. आणि ही रूढी कोणा परक्यांची नव्हती, ती आपल्याच घरांतली होती. आपल्या पणज्या-खापरपणज्यांची छायाचित्रे पुष्कळ घरांत भिंतीवर लावलेली नसतात, ती पेटीच्या तळाशी असतात. त्याचे एक कारण हे आहे.

यानंतरची गोष्ट अधिक नवलाची आहे. इंग्रजी यावे अशी पार्वतीबाईंची फार इच्छा होती. हिंगण्यास राहून त्यांनी अभ्यास सुरू करावा आणि आश्रमाच्या कामाने तो मोडावा, असे वारंवार घडले. आमच्या भगिनींपैकी कितीतरी जणींना हे वाक्य आपल्याच घरी लिहिले गेले आहे असे वाटेल. दुपारी पुस्तक उघडावे तो दारात कोणी पाहुणा उभा. रात्री उघडावे तो डोळे मिटतात. पार्वतीबाईंनी यावर काढलेला तोडगा अगदी त्यांचा स्वतःचा होता. येथे राहून जमत नाही, तर जेथे इंग्रजीशिवाय पाणीही मागता येणार नाही अशाच देशात जाऊन राहावे! १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिशीच्या सुमारास, त्या अमेरिकेस निघाल्या. हाती द्रव्य बेताचेच. तेथे त्यांनी उदरनिर्वाहासाठी परक्या कुटुंबांतून घरकाम केले, व ते करीत असताना भाषा शिकल्या. १९२० साली त्या परत आल्या. पुढे १९२८ साली 'माझी कहाणी' या नावाने त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि दोनच वर्षांनी जस्टिन अ‍ॅबट यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. ज्या भाषेपायी त्या सातासमुद्रापलीकडे गेल्या, त्याच भाषेत त्यांची कहाणी जगापुढे गेली.

या प्रवासातील एका गोष्टीकडे आमचे लक्ष विशेष वेधते. झाडलोट, भांडीकुंडी, स्वयंपाकघरातली उठाठेव हीच कामे आपल्याकडील प्रत्येक गृहिणी जन्मभर करते. तीच कामे पार्वतीबाईंनी परदेशात केली तेव्हा त्यांना मजुरी मिळाली, व त्या मजुरीवर त्यांचे शिक्षण झाले. येथे मात्र ती 'घरचीच' म्हणून मोजदादीच्या बाहेर राहतात. पन्नाशीची बाई "मला काय येते?" असे खिन्नपणे म्हणते, तेव्हा तिला पंचवीस माणसांच्या पंगतीचा अंदाज एका नजरेत येतो, आजाऱ्याची शुश्रूषा येते, वर्षाच्या धान्याचा हिशेब तोंडपाठ असतो, पण यांपैकी कशालाही आपण आजवर किंमत लावलेली नसल्यामुळे तिलाही ती लावता येत नाही.

रमाबाई रानडे यांची स्थिती निराळी होती. न्यायमूर्ती माधवराव रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले तेव्हा रमाबाई चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. पतीने त्यांना स्वतः शिकविले होते, घरात मान होता, नाव होते. तरीही पतीच्या मागे सुमारे एक वर्ष त्यांनी स्वतःस घरात कोंडून घेतले. दुःखाला इतका अवकाश मिळावयास हवा असे आम्हास वाटते. दिवसकार्य आटोपताच "आता मन कशात तरी गुंतव" असा आग्रह धरणारी माणसे हितचिंतक असली तरी घाईची असतात. पुढे १९०८ साली मुंबईस व १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे राहिले, आणि वाढत्या वयाच्या, कधी शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांसाठी तेथे वर्ग सुरू झाले. परिचारिकेचे शिक्षण घेणे कुलीन घरास कमीपणाचे समजले जात असता पुण्याच्या सेवासदनाने ते शिक्षण देण्यास आरंभ केला. त्या वर्गांत येणाऱ्या स्त्रियांची नावे इतिहासात नाहीत. पण आपल्याच पायावर उभे राहून मुलांना वाढविणारी पहिली पिढी बरीचशी तेथून निघाली.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९१९ साली रेव्हरंड टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशी ओलांडलेल्या. शाळेतले शिक्षण नाही. पतीने अपुरे सोडलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी साठांहून अधिक अध्याय रचून पुढे नेले. आणि 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. मराठी गद्यातील एक अव्वल पुस्तक आजीच्या वयाच्या, जेमतेम लिहावयास शिकलेल्या बाईच्या हातून उतरले, हे आपल्या विद्वानांनी अधूनमधून आठवीत जावे.

ताराबाई मोडकांचे उदाहरण वेगळ्याच जातीचे. त्या पदवीधर होत्या, भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणात त्यांनी नाव मिळविले होते. १९४५ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गाठली आणि शहरातल्या साधनांवाचून खेड्यातल्या मुलांना कसे शिकवावे याचा धडा नव्याने गिरविला. १९५७ साली, पासष्टाव्या वर्षी, त्या तेथूनही उठून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. ज्या वयात लोक निवृत्तिवेतनाचा हिशेब करतात, त्या वयात त्यांनी दुसऱ्यांदा बिऱ्हाड हलविले.

ही सर्व थोर नावे झाली. वाचणारी भगिनी म्हणेल, "त्यांच्या पाठीशी कर्वे होते, रानडे होते, माझ्या पाठीशी कोण आहे?" प्रश्न खरा आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर कायद्यात आहे. पूर्वी एकत्र कुटुंबातील विधवेचा हक्क अन्नवस्त्रापुरता असे. दीर आणि पुतणे यांच्या मर्जीवर तिचे दिवस जात. १९३७ च्या कायद्याने पतीच्या हिश्श्यात तिला प्रथमच वाटा मिळाला, पण तो हयातीपुरता, मर्यादित मालकीचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ती मर्यादा काढून टाकली व तिची मालकी पूर्ण झाली. २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतःच एकत्र मिळकतीची सहहिस्सेदार ठरली. आता कागदोपत्री उणीव फारशी नाही. उणीव आहे ती कागद तिच्या हाती असण्याची. पती हयात असताना घराचे खरेदीखत कोठे आहे, विम्यावर नाव कोणाचे आहे, बँकेचे खाते दोघांच्या नावे आहे की एकाच्या, हे विचारणे अशुभ समजणारी घरे आम्ही पाहिली आहेत. मग तेराव्या दिवशी तेच प्रश्न परक्या माणसांसमोर, रडून सुजलेल्या डोळ्यांनी विचारावे लागतात.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग घरातील माणसांच्या हाती आहे, आणि तेथे आम्हास थोडे कठोर बोलावे लागेल. घरात एक बाई मोकळी झाली की तिचा वेळ सर्वांच्या मालकीचा होतो. भावजयीचे बाळंतपण, चुलत सासऱ्यांचे आजारपण, मुलाच्या घरी नातवंडे सांभाळणे, मग ते घर पुण्यात असो की सॅन होजेत! तिने शिकवणीस नाव घातले की पहिला प्रश्न येतो, "आणि संध्याकाळी मुलांजवळ कोण?" हा प्रश्न मुलाच्या बापास कोणी विचारीत नाही. रजोनिवृत्तीचा काळ, रात्रीची उडालेली झोप, दुखरे गुडघे हेही याच वर्षांत तिच्या वाट्यास येतात; त्याविषयी घरात बोलणे नाही, म्हणून तिच्या चिडचिडीस 'स्वभाव' असे नाव पडते.

बाहेरचे जगही सर्वस्वी उदार नाही. चाळिशीनंतर नोकरीचा अर्ज करू पाहणाऱ्या स्त्रीस सरकारी जाहिरातींतील वयोमर्यादेची ओळ वाचूनच पुष्कळदा परतावे लागते. मुलांना वाढविण्यात गेलेली पंधरा वर्षे अर्जाच्या कोणत्या रकान्यात लिहावीत, याची सोय कोणत्याच छापील नमुन्यात नसते. शिक्षणाची दारे मात्र पूर्वीपेक्षा रुंद झाली आहेत. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे आजच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, दहावीची व बारावीची परीक्षा कोणत्याही वयात देता येते; त्याच साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, व घर सांभाळून पदवी घेण्याचा मार्ग मराठीतून खुला झाला. पुस्तके घरी येतात, परीक्षा केंद्रावर होते. मधल्या काळात दुपारचे दोन तास तिचे आहेत हे घराने मान्य करावे लागते, एवढीच काय ती अडचण.

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढील बायका गुलाबी लुगडी नेसून, खांद्यास दप्तर लावून, दुपारचे काम आटोपल्यावर तेथे पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. घरी गेल्यावर अभ्यास घ्यावयास नातवंडे होतीच. ज्या हातांनी आजवर जेथे तेथे अंगठाच उठविला होता, ते हात आपल्या नावाची सही करू लागले.